दिग्याबरोबर पाहिलेला सिनेमा

सुध्या,

चार महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, साखर हद्दीत. तुझ्या गुडघ्याचं कळलं, जिने चढू नकोस.

गेल्या रविवारी ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ पुन्हा मोठ्या पडद्यावर लागला होता. दिग्याला ओढतच नेलं. हो, तोच सिनेमा, ज्याच्यापायी तू पंधरा दिवस अबोला धरला होतास. स्पीलबर्गला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं मात्र ‘शेक्सपियर इन लव्ह’ने पळवलं, आणि तू म्हणालास की योग्यच झालं. तुला अक्कल नाही, हे माझं मत अजून कायम आहे.

ओमाहा किनारा तुला आठवतच असेल. ६ जून १९४४, वीसेक मिनिटं नुसती कत्तल, लाल झालेलं पाणी, आणि टॉम हँक्सच्या कानात अचानक सगळं मुकं होतं ते. मी खुर्चीचा हात आवळून बसलेलो. दिग्या स्वस्थ. मनात म्हटलं, याला काय, पलटणीत जन्मभर फायलीच तर सांभाळल्या. आलं मनात, तुझ्यापासून काय लपवू?

मग ते टाइपिंगचं ऑफिस. मेलेल्या सैनिकांच्या घरी जायची पत्रं बायका टाइप करतायत आणि एकीच्या लक्षात येतं, तीन पत्रं एकाच आईला चाललीत. इथे दिग्या पुढे सरकून बसला. नंतर ती आई भांडी घासताना खिडकीतून पाहते, लांबून गाडी येतेय. दारात येते. गाडीतून पाद्री उतरतो आणि ती तिथेच मटकन बसते. अजून कुणी चकार शब्द काढलेला नसतो. तेवढ्यात दिग्या, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं, म्हणाला, “गाडी दिसता कामा नये. आम्ही वळणाआड उभी करून चालत जायचो.”

पुढचे दोन तास गप्प. बाहेर आल्यावर म्हणाला, “शेवट जरा लांबवलाय.” संपलं.

सुध्या, ते ऑस्कर मार्च ९९ चं. आपला अबोला मिटला आणि मेमध्ये कारगिल सुरू झालं. ५२७ गेले, हे आपण पेपरात वाचलं. दिग्या सुट्टीवर आला तेव्हा तू विचारलंस, “काय रे, एखादी गोळी झाडलीस की नुसते शिक्केच मारलेस?” मी खो खो हसलो. तो हसला होता का रे? रोज रात्री तेवढंच आठवायचा प्रयत्न करतोय. त्याचा चेहराच समोर येत नाही, तुझा येतो.

विचारावं की नाही, कळत नाही. फोन केला की क्रिकेटवर बोलतो. शिवाय माझे डोळे लगेच भरून येतात, त्याला ठाऊक आहे. माझ्यापाशी तो तोंड उघडायचा नाही. तू दगड आहेस. तुला सांगेल.

लेकीच्या निकालाचं अभिनंदन, नव्या घराचे फोटो पाहिले, छान आहे, गॅलरी लहान वाटली. गुडघा बरा झाला की ये. त्याच्याकडे तू एकटाच जा. पण आधी फोन कर, न कळवता त्याच्या दारात उभा राहू नकोस.

तुझा,
मन्या