फोटोखाली काढणाऱ्याचं नाव टाका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दरवर्षी दिवे घाटात माउलींच्या पालखीचे फोटो काढायला मी जातो. सकाळीच डोंगरावर जागा धरायची, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची, पावसाची सर आली की लेन्स पुसत बसायचं, आणि एवढं करून दिवसभरात एखादीच फ्रेम मनासारखी मिळते. मागच्या वर्षी मिळाली होती, डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींनी वळणावर थांबून मागे खाली घाटाकडे बघितलं तो क्षण. कोपऱ्यात नाव टाकून फेसबुकवर टाकला. आठ दिवसांत तोच फोटो चौकात आषाढीच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर, माझं नाव कापलेलं आणि आजींच्या तुळशीवरच एका पुढाऱ्याचा चेहरा चिकटवलेला! फोन केला तर म्हणे, नेटवरच होता की, त्यात काय एवढं.

नेटवर आहे म्हणजे फुकट आहे असं कायदा कुठंच म्हणत नाही हो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं फोटो काढला त्याच क्षणी हक्क मिळतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. मुद्दाम नाव काढून टाकणं हा तर ६५ बी कलमाखाली वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. आता हेही सांगतो, लग्नाचे फोटो पैसे घेऊन काढले आणि वेगळा करार नसेल तर हक्क गिऱ्हाइकाचा असतो, आमच्यातलेच कितीतरी जण न विचारता नवरानवरीचे फोटो इन्स्टावर टाकतात, तेही चूकच.

माझ्याकडे मूळ रॉ फाईल आहे, पुरावा आहे, पण दहा दिवसांत उतरणाऱ्या फ्लेक्ससाठी वकील लावून तारखा कोण करणार, धंदा बुडवून? म्हणून सगळे गप्प बसतात आणि समोरच्याचं फावतं.

तुम्हाला लिहायचं कारण म्हणजे पेपरातसुद्धा हल्ली फोटोखाली ‘सौजन्य : सोशल मीडिया’ असं छापून येतं. तो फोटो कुणीतरी उन्हापावसात उभं राहून काढलेला असतो, त्या माणसाला शोधा, एक मेसेज करून विचारा, मानधन जमत असेल तर द्या, नसेल जमत तर निदान नाव छापा. यंदाच्या वारीच्या पुरवणीपासूनच सुरुवात करा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक फोटोग्राफर, सासवड