बाबांच्या चेहऱ्याविषयी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, की शेवटच्या काही वर्षांत बाबांना तुझ्याविषयी काही वाटेनासे झाले होते का. 'असे काही नव्हते' एवढेच मी तेव्हा म्हणाले, कारण त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते. नोकरी लागल्याचे तू समोर बसून सांगितलेस तेव्हा त्यांचा चेहरा हलला नाही, तू घरी यायचास तेव्हा ते दाराशी येत नसत, फोनवर चार शब्दांपलीकडे बोलत नसत, या तिन्ही गोष्टी तुझ्या मनात घर करून आहेत आणि तिन्ही खऱ्या आहेत. त्यांचा तू लावलेला अर्थ मात्र खरा नाही.

बाबांच्या आजाराचे, पार्किन्सनचे, नाव घेतले की लोकांच्या डोळ्यांपुढे थरथरणारा हात येतो. चौकशीला येणारा प्रत्येक जण आधी हाताकडे पाहत असे, आणि हात स्थिर दिसला की 'बरीच सुधारणा आहे' असे आम्हालाच सांगून जात असे. वास्तविक बाबांना कंपाचा त्रास सर्वांत कमी होता. या आजारात मेंदूतल्या डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारे संदेश पोहोचवणारे रसायन, तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. हालचालींतला फरक कोणाच्या लक्षात येईपर्यंत त्यांतल्या निम्म्याहून अधिक पेशी गेलेल्या असू शकतात. बाबांचा वास घेण्याचा गुण त्याच्या कितीतरी वर्षे आधीच गेला होता आणि झोपेत ते हातपाय झाडत असत, पण त्याचा या आजाराशी संबंध असू शकतो हे आम्हाला निदानानंतर कळले. डोपामिन कमी पडले की आधी जातात त्या आपण विचार न करता करतो त्या हालचाली: चालताना हात हलणे, पापणी लवणे, तोंडातली लाळ गिळणे, आणि आनंद झाला की चेहऱ्यावर हसू उमटणे. हे सारे मग मुद्दाम ठरवून करावे लागते. तुझी बातमी ऐकताना ठरवून हसण्याइतकी सवड त्यांना मिळाली नाही, कारण ते ऐकण्यात गुंतले होते. तू गेल्यावर त्यांनी मला तुझे काम, कचेरी, वरिष्ठ, राहण्याची जागा यांविषयी इतके प्रश्न विचारले, की अर्ध्यांची उत्तरे मला ठाऊक नव्हती.

दाराचेही तसेच आहे. या रुग्णांचे पाय चालता चालता एकाएकी जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात, आणि अरुंद जागा, वळण व उंबरठा ही त्याची हमखास ठिकाणे. जमिनीवर आडवी रेघ असली किंवा कोणी ताल धरून आकडे म्हटले, तर तेच पाऊल उचलले जाते, म्हणून आपल्या खोलीत मी रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या. तू त्या पाहून हसला होतास. पट्ट्या असूनही दाराशी ते अडत, आणि अडलेल्या अवस्थेत तुझ्यासमोर उभे राहणे त्यांना नको असे. म्हणून तू येण्याच्या पुष्कळ आधी ते खुर्चीत जाऊन बसत. हा त्यांचा अभिमान होता, आणि मला तो तेव्हाही थोडा अवाजवी वाटत असे.

फोनविषयी मात्र तुला काहीच माहीत नाही, आणि मला मुख्यतः तेच सांगायचे आहे. त्यांच्या लेव्होडोपाच्या, म्हणजे डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या औषधाच्या, गोळीचा परिणाम सुरू व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागे आणि काही तासांनी तो ओसरे. जेवणातली प्रथिने या औषधाच्या शोषणात आडवी येतात, त्यामुळे भरपेट जेवणावर घेतलेली गोळी पुष्कळदा वायाच जाई. तुझा फोन रविवारी रात्री येत असे. त्यांनी डॉक्टरांना विचारून संध्याकाळच्या गोळीची वेळ अशी बदलून घेतली, की औषधाचा उत्तम काळ तुझ्या फोनच्या वेळी यावा, आणि जेवण ते फोन झाल्यावरच घेत. तू उशीर केलास तर ते उपाशी बसत आणि मला फोन लावू देत नसत, कारण तू कामात असशील. मग तुझा फोन येईपर्यंत कधी कधी गोळी उतरलेली असे. आवाज क्षीण झालेला असे, पण तो क्षीण झाला आहे हे स्वतःच्या कानांना कळत नाही, हाही या आजाराचाच भाग. आपण नीट बोललो असे त्यांना वाटे आणि पलीकडून तू 'ठीक आहे, आईला द्या' म्हणत असस. यात तुला बोल लावण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तुला हे कळायला मार्गच नव्हता.

1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचे वर्णन लिहिले, तेव्हा रुग्णाची बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात असे म्हटले होते. बाबांनी ते कुठेतरी वाचले आणि ते वाक्य त्यांना फार आवडले होते. पुढच्या संशोधनाने ते सर्वांच्या बाबतीत खरे नसल्याचे दाखवले, आणि अखेरच्या काळात आम्हालाही ते दिसले. खोलीत अनोळखी माणसे बसली आहेत असे त्यांना वाटे, रात्री ते माझ्यावर चिडत, एकदोनदा मला त्यांनी ओळखलेही नाही. गोळ्या कमी केल्या की भास कमी होत आणि शरीर आखडे; वाढवल्या की उलट. त्या दिवसांत मी फार थकले होते, आणि त्यांच्याजवळ बसून राहण्याची इच्छा दररोज होत असे असे मी म्हणणार नाही. गिळणे बिघडले, अन्नाचे कण श्वासमार्गात गेले, न्यूमोनिया झाला. या आजारात अनेकांचा शेवट असाच होतो. त्याआधीचे काही दिवस तू जवळ होतास, तेव्हा ते पुन्हा लिहीत नाही.

तू विचारले नाहीस, पण मनात असेल म्हणून सांगते: बहुतांश रुग्णांमध्ये हा आजार थेट वारशाने आलेला नसतो. तरी शंका वाटली तर एकट्याने वाचत बसण्यापेक्षा मेंदूविकारतज्ज्ञांना विचार.

सोबत वेगळ्या पाकिटात त्यांची एक वही पाठवते आहे. रविवारी तुझ्याशी काय बोलायचे, ते मुद्दे त्यांनी आठवडाभर त्यात टिपून ठेवलेले आहेत. बोलून झालेल्या मुद्द्यांवर रेघ आहे आणि राहिलेले पुढच्या पानावर पुन्हा लिहिले आहेत. अक्षर पानागणिक बारीक होत गेले आहे, तेव्हा शेवटची पाने वाचायला भिंग लागेल. जे लागणार नाही ते मला विचार, मला त्यांचे अक्षर लागते.

तुझी,
आई