चित्ररथाची नोंद संस्कृती खात्याच्या दप्तरीही व्हावी : कर्नाटकच्या मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
कन्नड आणि संस्कृती खाते, कर्नाटक शासन, बेंगळूरु.

सादर नमस्कार.

मी बेळगाव तालुक्यात राहणारा एक चित्रकार आहे. व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे रंगवून माझा चरितार्थ चालतो. पण माझा बराचसा काळ आणि जीव गल्लीतल्या मंडळांसाठी शिवजयंतीचे चित्ररथ उभे करण्यात, गावच्या यात्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवण्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत मुलांबरोबर मातीचे किल्ले बांधण्यात जातो. या कामामुळे सीमाभागातल्या मराठी कलावंतांचा शासनाशी कोणत्या दारात संबंध येतो, हे मला जवळून पाहायला मिळाले आहे. तो संबंध जवळजवळ पूर्णपणे परवानगीचा आहे. मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिक्षेपकाची वेळ, ट्रॉलीची उंची, बंदोबस्त, वीजतारांची खबरदारी या सगळ्यांसाठी अर्ज होतात, शिक्के बसतात, कागद जपून ठेवले जातात. यातली कुठलीही गोष्ट अनावश्यक नाही. परंतु त्या ट्रॉलीवर उभी राहिलेली कला कोणी घडवली, कशी घडवली, कोणाकडून शिकून घडवली, याची ओळभर नोंद शासनाच्या कोणत्याही सांस्कृतिक दप्तरात मला कधी आढळली नाही. ही उणीव आपल्या खात्याने दूर करावी, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

बेळगावात शिवजयंती परंपरेने वैशाख शुद्ध द्वितीयेला साजरी होते आणि त्यानंतर नरगुंदकर भावे चौकातून चित्ररथांची मिरवणूक निघते, हे आपल्याला ठाऊक असेलच. मिरवणूक बंदोबस्ताच्या बाजूने पाहणाऱ्याला गर्दी दिसते. तिच्या आधीचे आठवडे मात्र फार थोड्या बाहेरच्या लोकांनी पाहिले आहेत. दिवसा उद्यमबागेतल्या कारखान्यात किंवा शहापूर-वडगावच्या मागावर राबलेली माणसे रात्री जेवून गल्लीत जमतात. प्रसंग निवडण्यावरून वाद होतो, आणि तो इतिहासाचाच वाद असतो : आग्ऱ्याहून सुटका दाखवायची तर पेटारे केवढे, पहारेकऱ्यांचा पोशाख कसा, मुघल पगडी आणि मराठी पगडी यांतला फरक लांबून कसा ओळखू येईल. मग वेल्डिंग करणारा सांगाडा जोडतो, सुतार फळ्या मारतो, बांबू आणि गोणपाट यांवर प्लास्टर चढते आणि त्याचा कडा होतो. हा कडा तारांखालून जाताना खाली घेता आला पाहिजे आणि चौकात पुन्हा उभा करता आला पाहिजे, म्हणून त्याला बिजागऱ्या बसवाव्या लागतात. रंग द्यायचा तो दिवसाच्या उजेडासाठी नव्हे. रात्री हॅलोजनच्या झोतात राखाडी खडक पांढरा पडतो, म्हणून सावल्यांत निळा आणि तपकिरी रंग जादा भरावा लागतो. ही गोष्ट मला कोणत्याही कलाविद्यालयात कळली नाही, ती चव्हाट गल्लीच्या बाजूला काम करणाऱ्या एका जुन्या रंगाऱ्याने शिकवली.

संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात. पात्रांना ते ओठांवर बसवून, प्रत्येक चौकात थांबून, रात्रभर तोच प्रसंग नव्या प्रेक्षकांपुढे करावा लागतो. पावनखिंडीतला बाजीप्रभू पहाटेपर्यंत पडत आणि उठत असतो. यात अलीकडे मुली मोठ्या संख्येने उतरल्या आहेत. लेझीम पथकांत तर त्या पुढेच आहेत, पण हिरकणी, जिजाऊ यांच्या भूमिकांसाठी पूर्वी मुलगे साडी नेसत, तिथे आता महाविद्यालयीन विद्यार्थिनी असतात. नेपथ्य, रंगभूषा, अभिनय, शिल्प, प्रकाशयोजना आणि इतिहासवाचन या सगळ्यांचे शिक्षण एका गल्लीत, फी न घेता, लोकवर्गणीतून होते. एवढा मोठा सामूहिक कलाप्रकार दुसऱ्या एखाद्या राज्यात असता, तर त्यावर संशोधकांनी प्रबंध लिहिले असते, असे मला मनापासून वाटते.

महोदय, या मातीने दोन्ही भाषांना काय दिले आहे, याची आठवण करून देणे मला आवश्यक वाटते. मराठी संगीत रंगभूमीचा पाया ज्यांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणून घातला, ते अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ मध्ये याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे जन्मले. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. त्यांची मातृभाषा कन्नड, आणि त्यांचे गाणे महाराष्ट्राने आपले मानले. बेळगावातले कलामंदिर त्यांच्या नावाने उभे आहे, ही शासनाने केलेली उचित गोष्ट आहे आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांनी बेळगावात राहून ‘चित्रमंदिर’ चालवले. त्यांच्या हाताखाली शिकलेले रवी परांजपे पुढे देशातले अग्रगण्य बोधचित्रकार झाले. ज्या मुलांनी लहानपणी गल्लीत रंगाची बादली धरली, त्यांच्यातूनच असे विद्यार्थी येतात. मोठ्या कलावंताचे नाव वास्तूला देणे सोपे असते. तो ज्या परिसरात घडला त्या परिसराची निगा राखणे कष्टाचे काम आहे आणि तेच मागे राहिले आहे.

मी कन्नड बोलतो आणि वाचतो. पूर्वी गोकाक तालुक्यात असलेल्या कुलगोडच्या तम्मण्णांशी ज्याची परंपरा जोडली जाते, त्या श्रीकृष्ण पारिजात या कन्नड लोकनाट्याचे प्रयोग मी रात्र जागून पाहिले आहेत. पारिजातातली गवळण कृष्णाला अडवून जाब विचारते तेव्हा तमाशातली गवळण आठवल्याशिवाय राहत नाही. विनोदाची जागा, सवाल-जबाबाची लय, साथीदाराने मध्येच घातलेला प्रश्न, यांत एवढे साम्य आहे की या दोन कला एकमेकींच्या अंगणात वाढल्या असाव्यात असे मला वाटते. सौंदत्तीच्या डोंगरावर चौंडक्याच्या तालावर यल्लम्माची गाणी दोन्ही भाषांत म्हटली जातात. निपाणी-चिकोडीकडचा चर्मकार जी कोल्हापुरी चप्पल शिवतो, तिला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून आहे. तिथे दोन राज्यांना एकत्र अर्ज करता आला. आमच्या चित्ररथावरसुद्धा सुतार कन्नड भाषक, शिंपी उर्दू भाषक आणि निवेदक मराठी, हे नेहमीचे दृश्य आहे. तेव्हा मराठी कलेला मागितलेले स्थान कन्नडच्या वाट्यातून काढून द्यावे लागेल, ही शंका कोणाच्या मनात असेल तर ती निराधार आहे. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, त्याचा निकाल तिथे लागेल. त्याविषयी या पत्रात मला काहीही म्हणायचे नाही.

आपल्या राज्याने तुळू, कोंकणी, कोडवा, ब्यारी आणि अरेभाषा यांच्यासाठी अकादमी स्थापन केल्या आहेत. भारतातल्या फार थोड्या राज्यांनी आपल्या लहान भाषांसाठी एवढे केले आहे आणि कर्नाटकाला त्याचा अभिमान वाटावा. परंतु २०११ च्या जनगणनेत ज्या राज्यात २० लाखांहून अधिक लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा नोंदवली, त्या राज्यात मराठी साहित्य-कलेसाठी अशी अकादमी नाही. मराठीला शेजारचे राज्य आहे, तिची काळजी ते घेईल, असे याचे समर्थन केले जाते. ते टिकणारे नाही. जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कन्नड भाषकांना शेजारचे राज्य आहे म्हणून महाराष्ट्राने त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे, असे आपण कधी म्हणणार नाही. उलट कर्नाटकाने २०१० च्या कायद्याने सीमाप्रदेश विकास प्राधिकरण उभारले, ते याच जिव्हाळ्यातून. राज्यघटनेचे २९ वे कलम आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क देते. तो हक्क नागरिक जिथे राहतो तिथे त्याला बजावता आला पाहिजे.

अकादमी ही मोठी गोष्ट झाली. तिच्याही आधी ज्या छोट्या अडचणी माणसाला थकवतात, त्यांकडे आपले लक्ष वेधतो. खानापूर तालुक्यातल्या एका वयोवृद्ध नटाला मी ओळखतो. जंगलाच्या कडेच्या गावांत यात्रा असली की त्यांचे नाटक ठरलेले असे; तालमी घेणे, पदे बसवणे, स्वतः खलनायक रंगवणे आणि सकाळी पडदे गुंडाळून बैलगाडीत भरणे, हे त्यांनी उमेदीच्या सगळ्या काळात केले. वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी त्यांचा अर्ज भरायला मी बसलो, तेव्हा अर्ज फक्त कन्नडमध्ये होता, तो मी भरून दिला. पुढे एका कार्यालयात त्यांच्याकडे कार्यक्रमांची प्रमाणपत्रे, छापील पत्रिका आणि वर्तमानपत्रातली कात्रणे मागण्यात आली. गावच्या यात्रेतल्या नाटकाला प्रमाणपत्र कोण देणार? त्यांच्याकडे हाताने लिहिलेल्या संवादांच्या वह्या आणि एक काळवंडलेले छायाचित्र होते. वह्या मराठीत असल्यामुळे त्या वाचून पाहण्याची सोय तिथे नव्हती, आणि अर्ज परत आला. कागद तपासणाऱ्या माणसाने नियमाबाहेर काही केले असे मी म्हणत नाही. पण नियम करताना अशी माणसे कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती, हे मात्र खरे.

शाळांविषयीही लिहिणे भाग आहे. आमच्या खेड्यांतल्या मराठी प्राथमिक शाळांत चित्रकलेला स्वतंत्र शिक्षक क्वचितच असतो. राज्यघटनेचे ३५० क कलम मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाच्या सोयींबद्दल बोलते. त्या शिक्षणात रंग आणि माती यांचा समावेश व्हायला हवा, असे मानणे काही फार नाही. दिवाळीत राजहंसगड, राजगड, प्रतापगड अंगणात बांधणारी मुले बुरूज, माची, दरवाजा, तटबंदी आणि पाण्याचे टाके यांची योजना स्वतः समजून घेतात. लाल माती किती भिजवली म्हणजे तडा जात नाही, अळीव कधी पेरले म्हणजे बरोबर सणाच्या दिवसांत हिरवळ दिसते, हे त्यांना पाठ असते. या कौशल्याला शाळेने हात दिला तर त्यातून शिल्पकारही होतील आणि स्थापत्याचे अभ्यासकही होतील. खानापूरच्या मातीकामाचा लौकिक दूरवर आहे. तिथल्या कुंभारांना आठवड्यातून एकदा शाळेत बोलावून मानधन देण्याचा खर्च खात्याला जड जाणारा नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या कार्यालयाने येत्या वर्षापासून चित्ररथ, गावनाटके, भजनी मंडळे आणि मातीचे किल्ले यांची छायाचित्रांसह व कारागिरांच्या नावांसह नोंदवही सुरू करावी, आणि तिचे काम मराठी व कन्नड दोन्ही वाचू शकणाऱ्या माणसाकडे द्यावे. मराठी, कन्नड दोन्ही महाविद्यालयांतले विद्यार्थी या कामाला आनंदाने येतील; त्यांना जमवण्याची जबाबदारी मी घेतो. कलावंतांच्या योजनांचे अर्ज आणि सूचना मराठीतही मिळाव्यात. गावच्या पंचांनी आणि सहकलाकारांनी दिलेली साक्ष कलेचा पुरावा म्हणून ग्राह्य धरावी. जानपद (लोककला) आणि नाटक अकादमीच्या सदस्यांत सीमाभागातल्या मराठी कलावंताला स्थान मिळावे, आणि मराठी अकादमीचा विचार मंत्रिमंडळापुढे न्यावा. हौशी नाट्यसंस्थांना शासकीय रंगमंदिर तालमीसाठी सवलतीच्या भाड्यात मिळाले, तर कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतली मंडळी शहरात येऊन प्रयोग करतील. त्यांच्याकडे संहिता आहेत आणि माणसेही आहेत, उणीव आहे ती परवडणाऱ्या जागेची.

यांतल्या मराठी अर्जाच्या आणि साक्षीच्या बाबी तर केवळ खात्याच्या परिपत्रकाने होण्यासारख्या आहेत. त्यांवर आपण काय निर्णय घेतला, ते लेखी कळवावे. खानापूरच्या त्या नटांचा अर्ज मला पुन्हा भरायचा आहे आणि त्यांचे वय थांबणारे नाही.

आपला नम्र,
बेळगाव तालुक्यातील एक चित्रकार