उत्तर उणे का आलं, ते विचारू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या आटोपून प्रथम वर्षाचे वर्ग भरू लागले आहेत. शाखा स्थापत्य असो, यंत्र असो की विद्युत, पहिल्या वर्षात बहुतेकांच्या वाट्याला प्रोग्रामिंगचा विषय येतोच. त्यातल्या कित्येकांनी तोवर एकही प्रोग्राम लिहिलेला नसतो. मीही तशीच आले होते. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेची मराठी शाळा, अकरावी-बारावी तालुक्याला, आणि संगणकाशी ओळख म्हणाल तर सुट्टीत केलेल्या एमएससीआयटीपुरती. आज मी तिसऱ्या वर्षाला आहे. रात्री जेवणं झाली की वसतिगृहातल्या प्रथम वर्षाच्या मुली जर्नल घेऊन माझ्या खोलीत येतात आणि दर वर्षी मला तेच दिसतं: प्रोग्राम पाठ असतो, पण उत्तर चुकलं तर ते का चुकलं हे कळत नाही. म्हणून हे पत्र.

पहिल्या सत्रातलं एक प्रात्यक्षिक मी विसरलेले नाही. विषय होता फॅक्टोरियल, म्हणजे एकापासून दिलेल्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार. फळ्यावरचा सी भाषेतला प्रोग्राम वहीत उतरवायचा, टर्बो सीच्या त्या निळ्या पडद्यावर टाइप करायचा, कंट्रोल आणि एफ-नाईन दाबून चालवायचा आणि आउटपुट दाखवून सही घ्यायची. मी ५ दिले, १२० आले. ७ दिले, ५०४० आले. उत्साहानं ८ दिले आणि पडद्यावर उमटलं उणे २५२१६. एकापासून आठपर्यंतच्या अंकांचा गुणाकार उणे कसा येईल? मी पुन्हा टाइप केलं, पुन्हा तेच. शेवटी हात वर केला. सर आले, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पाचच टाक. जर्नलमध्ये पाचचंच आउटपुट लिहायचंय." मी पाच टाकले. सही मिळाली.

सरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ते तासिका तत्त्वावर होते, एकामागून एक बॅच, आणि सत्र संपायच्या आत सगळ्यांच्या सगळ्या सह्या पुऱ्या करायच्या. पण त्या दिवशी जे मी शिकायला हवं होतं, ते नेमकं त्या उणे चिन्हात होतं.

उत्तर मिळालं ते महिनाभरानं, वरच्या वर्गातल्या एका ताईकडून. टर्बो सी हा जुना कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर. त्यात पूर्णांक ठेवायला जो डबा मिळतो तो १६ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक मावेल अशा १६ घरांचा. त्यात एकूण ६५,५३६ वेगवेगळे आकडे मावतात, आणि ते उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंत वाटलेले असतात. आठचं फॅक्टोरियल ४०,३२०. ते मावत नाही. मग स्कूटरचं मीटर सगळे नऊ झाल्यावर जसं पुन्हा शून्यावर येतं, तसा हा आकडा ३२,७६७ ओलांडला की थेट उणे ३२,७६८ वर जाऊन तिथून पुढे सरकतो. ताई म्हणाली, "४०,३२० मधून ६५,५३६ वजा कर." मी वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी केली. उणे २५२१६. आकडा न् आकडा जुळला. मला त्या रात्री झोप लागली नाही. संगणक चुकला नव्हता, त्यानं सांगितलं तेच केलं होतं, आणि ते का केलं हे मला माझ्या हातानं तपासता आलं होतं. मला प्रोग्रामिंग आवडायला लागलं ते त्या वजाबाकीपासून.

नंतर लॅपटॉपवर नवा कंपायलर टाकून पाहिला. तिथे डबा ३२ बिटांचा, त्यामुळे आठचं उत्तर बरोबर. पण १३ दिले तर १,९३,२०,५३,५०४ येतं, आणि खरं उत्तर आहे ६,२२,७०,२०,८००. हे जास्त घातक. उणे आलं तर निदान शंका येते. इथे चुकीचा आकडा दिसायला अगदी सभ्य असतो. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झालं, ते ६४ बिटांतली एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबताना ती मावली नाही म्हणून. मर्यादा तीच, ३२,७६७. आमच्या प्रयोगशाळेतल्या आठच्या फॅक्टोरियलला जी आडवी आली ती. हे वर्गात पाच मिनिटांत सांगता येतं. त्याऐवजी "पाचच टाक" सांगावं लागतं, कारण आपली सगळी पद्धत जर्नल आणि चिठ्ठी यांच्याभोवती बांधलेली आहे.

चिठ्ठी म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेतली. दहा-बारा प्रोग्राम ठरलेले. पॅलिंड्रोम, फिबोनाची, मूळ संख्या, बबल सॉर्ट. परीक्षेला गेल्यावर एक चिठ्ठी उचलायची आणि त्यातला प्रोग्राम लिहून चालवून दाखवायचा. मुलं काय करतात? सगळे पाठ करतात. कंस, अर्धविराम, मोकळ्या ओळींसकट. पाठ केलेल्यातला एक अर्धविराम जरी निसटला तरी हातपाय गळतात, कारण टर्बो सी 'स्टेटमेंट मिसिंग' म्हणून बऱ्याचदा पुढच्या ओळीवर बोट ठेवतं. चूक असते वरच्या ओळीत आणि पोर खालच्या ओळीत शोधत बसते. एरर कशी वाचायची हे कुणी शिकवलेलंच नसतं. पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त वेळा दिसते ती एरर, आणि अभ्यासक्रमात तिच्यासाठी एकही तास नाही! आता तर मोबाइलवर प्रश्न टाकला की अख्खा प्रोग्राम क्षणात मिळतो. पाठांतराची उरलीसुरली किंमतही त्यामुळे गेली. मिळालेला प्रोग्राम बरोबर आहे का, हे ज्याला ओळखता येतं तोच पुढे टिकणार.

काही विद्यापीठांनी पहिल्या वर्षाला सीऐवजी पायथन आणलं आहे. चांगलं केलं. पायथनमध्ये पूर्णांकाचा डबा गरजेप्रमाणे मोठा होतो, १३ चं काय, ५० चं फॅक्टोरियलही बरोबर येतं. पण भाषा बदलून उतरवणं थांबलेलं नाही. परवाच एक मुलगी आली. दोन आकड्यांची बेरीज करायचा प्रोग्राम, ५ आणि ७ दिले तर उत्तर ५७. ती रडवेली झाली होती, तिला वाटत होतं आपल्याला हे जमणारच नाही. मी काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, "आता ५ ऐवजी तुझं नाव टाक आणि ७ ऐवजी आडनाव." तिनं टाकलं. नाव-आडनाव चिकटून आलं. दोन मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली, "ताई, हे आकडे नाहीतच, ही अक्षरं आहेत." कीबोर्डवरून आलेलं सगळं पायथन अक्षरं म्हणूनच घेतं, त्याला आकडा करून घ्यावं लागतं, हे तिनं स्वतः शोधलं. आता ती ते विसरणार नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांची आणखी एक अडचण आहे. पहिले कित्येक आठवडे मला 'व्हेरिएबल' म्हणजे काहीतरी नवीन यंत्रातला भाग वाटत होता. तो आपला दहावीतला 'चल' आहे हे एका वाक्यात सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं! आणि लगेच हेही सांगायला हवं होतं की हा चल अगदी तसा नाही. 'एक्स बरोबर एक्स अधिक एक' असं फळ्यावर पाहिलं तेव्हा मी मनात ते समीकरण सोडवलं. शून्य बरोबर एक! खोटंच की. तिथलं 'बरोबर'चं चिन्ह 'समान आहे' असं म्हणत नाही, 'उजवीकडचं उत्तर डावीकडच्या डब्यात ठेव' असं म्हणतं. दहा वर्षं गणितात एक अर्थ शिकलेल्या मुलाला दुसरा अर्थ न सांगता पुढे नेणं हा त्याच्यावर अन्याय आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं २०२१ पासून मातृभाषेत अभियांत्रिकीला वाट करून दिली, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सी आणि पायथनचे धडे मराठीत फुकट ऐकता येतात. मी ते ऐकूनच तरले. पण हे धडे आहेत हे प्रथम वर्षाच्या मुलांना सांगणारं कुणीतरी हवं.

त्याच आयआयटीत प्रा. अभिराम रानडे यांनी नवख्यांना सी प्लस प्लस ही भाषा शिकता यावी म्हणून सिम्पलसीपीपी हे साधन तयार केलं. त्यात सुरुवात पडद्यावरच्या कासवापासून होते. इतकं पुढे जा, इतक्या अंशात वळ, असं सांगायचं आणि कासव रेघ ओढत जातं. चौकोन काढायचा आणि कोन चुकला तर चौकोन जुळत नाही, ते डोळ्यांना दिसतं. चूक पाहायची, ती समजून घ्यायची, या वाटेनं मूल पहिल्याच दिवशी चालायला लागतं.

माझी विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना विनंती एवढीच आहे: परीक्षेत पाठ केलेल्या प्रोग्रामऐवजी बिघडलेला प्रोग्राम द्या. नवखे प्रोग्रामिंग कसं शिकतात याचा अभ्यास करणारे संशोधक इलियट सोलोवे यांनी १९८० च्या दशकात येल विद्यापीठात नवख्या विद्यार्थ्यांना पावसाचा एक प्रश्न दिला होता: रोजचा पाऊस घेत जा, ९९९९९ आलं की थांबा, सरासरी सांगा. वरवर सोपा, पण त्यात भल्याभल्यांचं चुकतं. कुणी ९९९९९ सुद्धा बेरजेत धरतं, कुणी एकही नोंद नसताना शून्यानं भागायला जातं. मी मराठवाड्यातली, मला हा प्रश्न आमच्या शिवारातला वाटतो. आपल्याकडे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. पाऊस पडला ६५.४. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं तो पूर्णांकाच्या डब्यात ठेवला, दशांश गळून ६५ उरले, आणि '६५ पेक्षा जास्त' ही अट काही पुरी झाली नाही. त्या मंडळातली अतिवृष्टी कागदावरून गेली. असा प्रोग्राम मुलांपुढे ठेवा आणि विचारा, यात काय चुकलं आणि कुणाचं नुकसान झालं? हे पाठ करता येत नाही, आणि गावाकडून आलेल्या मुलाला त्यातला पाऊस शहरातल्या मुलापेक्षा कमी कळत नाही.

जर्नलमध्येही बरोबर आउटपुटच्या शेजारी एक चुकलेलं आउटपुट आणि ते का चुकलं याच्या दोन ओळी मागा, मराठीत लिहिल्या तरी चालतील म्हणा. त्यासाठी नवे संगणक लागत नाहीत. या सत्राच्या प्रात्यक्षिक परीक्षा व्हायच्या आहेत. पन्नासातले निदान दहा गुण यंदा चूक शोधण्याला ठेवता येतील.

आपली नम्र,
तृतीय वर्ष अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी
(मूळ गाव जिंतूर तालुका, जि. परभणी. नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)