व्हरमाँटहून मंदारला पत्र

बर्लिंग्टन, व्हरमाँट

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावर उभं राहून घसरायची फळी, शोधून काढणारा जेक बर्टन तुमच्याच गावचा ना?’ असं विचारलंयस. त्याची कंपनी आमच्या गावची खरी, पण शोधाचं म्हणशील तर भांडण जुनं आहे.

१९६५च्या नाताळात मिशिगनमधल्या मस्कीगनला शर्मन पॉपेन या इंजिनिअरने मुलींसाठी दोन स्की शेजारी-शेजारी जोडल्या. त्याच्या बायकोने नाव ठेवलं स्नर्फर. पुढच्या टोकाला दोरी, ती बैलाच्या कासऱ्यासारखी हातात धरायची, पाय मोकळेच. लाखांनी खपलं, पण खेळणं म्हणूनच. तिकडे टॉम सिम्सने शाळेतच, १९६३ साली, बर्फावरची फळी बनवली होती. युटामध्ये दिमित्रिए मिलोविच विंटरस्टिक नावाची त्याची फळी घडवत होता. मग जेकचं काय?

चौदाव्या वर्षी त्याला स्नर्फर मिळालं आणि ते डोक्यातून गेलंच नाही. पोराचे दिवस काही सुखाचे नव्हते. मोठा भाऊ व्हिएतनामच्या युद्धात मारला गेला, मागोमाग आई ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेली. अर्थशास्त्राची पदवी घेऊन न्यूयॉर्कमध्ये नोकरीला लागला आणि १९७७ साली ती सोडून इथल्या लंडनडेरी गावात आला. शाळेत सुतारकामात आपण ढ होतो, हे तो स्वतःच सांगायचा! त्या माणसाने शंभराच्या आसपास नमुने केले. दिवसा लाकडाचे थर चिकटवायचे, रात्री बारमध्ये गिऱ्हाइकांना दारू ओतून द्यायची. विक्रीला ३८ फळ्या घेऊन निघाला आणि ४० घेऊन परतला, कारण एका दुकानदाराने आधीच्या दोन परत केल्या. हे वाचून मी मोठ्याने हसलो. तुझ्या पहिल्या दिवाळीच्या कंदिलांची आठवण झाली.

माझ्या मते त्याचं खरं काम पायाशी आहे. फळी वळते ती कडेवर कलली की. बोटांवर भार दिला की एका बाजूला, टाचेवर दिला की दुसऱ्या. पाय मोकळा असेल तर तो जोर फळीपर्यंत पोचतच नाही. जेकने पाय रबरी पट्ट्याने बांधला. १९७९ साली तशी फळी घेऊन तो मस्कीगनच्या स्नर्फर स्पर्धेत उतरला, तर लोक भांडायलाच उठले. शेवटी त्याच्यासाठी वेगळा खुला गट काढला. त्यात तो एकटाच, म्हणजे पहिला! टाचेमागचा उंच आधार मात्र जेफ ग्रेलचा, आणि ते श्रेय त्यालाच द्यायला हवं.

उरला डोंगर. डोंगरावर वर नेणाऱ्या लिफ्टवर या फळ्यांना बंदी होती, स्कीवाल्यांना हे लोक नकोच होते. जेकने इथल्या स्ट्रॅटन या स्कीच्या डोंगरावरच्या लोकांच्या मागे लागून १९८३ साली दार उघडवलं. आधी परीक्षा द्या, मग लिफ्ट. त्याच सुमारास डॉनाशी लग्न झालं. दोघं ऑस्ट्रियात इन्सब्रुकला जाऊन राहिले आणि स्की बनवणाऱ्या कारखान्यांतूनच फळ्या करून घेऊ लागले. पोलादी कड आणि घसरता तळ आला, तेव्हा आमच्या इथल्या काचेसारख्या कडक बर्फावर ती फळी टिकली. १९९८ साली नागानोला ऑलिंपिक. ज्याला डोंगरावर पाऊल ठेवू देत नव्हते, त्याच खेळाला पदकं!

एवढी कंपनी झाली तरी वर्षातले शंभर दिवस बर्फावर जायचे, हा त्याचा नेम. २०११ साली कॅन्सर झाला, त्यातून उठला. २०१५ साली मिलर फिशर नावाच्या आजाराने डोळे, घसा, श्वास सगळं बंद पाडलं. व्हेंटिलेटरवर पडल्या-पडल्या चिठ्ठ्या लिहून बोलायचा. त्यातूनही उठून पुन्हा फळीवर उभा राहिला. नोव्हेंबर २०१९मध्ये कॅन्सर उलटला आणि तो गेला, ६५ वर्षांचा.

मुक्ता गुलमर्गला शिकायला जातेय हे वाचून आनंद झाला. तिला सांग, फळी विकत घेऊ नकोस, आधी भाड्याची वापर. मनगटाला गार्ड हवेच, कारण नवखा माणूस पडताना हातच टेकतो. बूट मात्र नीट घालून बघायचे, टाच उचलली जायला नको. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
सुहास