३००३१ दाखवणाऱ्यांचे आभार

मूळ संख्या अनंत आहेत, ही युक्लिडची सिद्धता मी कुणालाही संपादता येणाऱ्या ऑनलाइन ज्ञानकोशातल्या लेखात घातली आणि ठोकून दिलं: पहिल्या काही मूळ संख्यांचा गुणाकार अधिक १ म्हणजे नेहमी मूळ संख्याच. साफ चूक! वर सूत्रांतले कंसही उघडेच.

रात्रीत कुणीतरी कंस मिटवून गेलं. दुसऱ्या कुणी माझा मजकूर उडवला नाही; चर्चापानावर फक्त लिहिलं, ‘२×३×५×७×११×१३+१ = ३००३१. याला ५९ ने भागून बघता का?’ भागलं. ५०९, बाकी शून्य! (५९ पर्यंत जायचा धीर मला कुठला.) आणि वाक्य दुरुस्त करायचं त्यांनी माझ्यावरच सोडलं, हे फार भावलं. ‘नवी मूळ संख्या त्या उत्तराच्या अवयवांत सापडते’ असं मी लिहिल्यावर तिसऱ्यानं शुद्धलेखनही तपासलं.

तुमची सदस्यनावं तेवढी ठाऊक आहेत. मनापासून आभार.