तिसरा दाखला

सातारा, शनिवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

सकाळी न बोलता एसटीत बसलीस. चिवड्याचा डबा ओट्यावरच राहिला. रात्री मी आवाज चढवला, ते चुकलंच. आता त्या विषयावर काही लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

पण पक्षकाराची अख्खी कैफियत तू त्या चॅटजीपीटीत टाकलीस, नावगावासकट. त्या बाईंच्या नवऱ्याचं आजारपणही त्यात होतं. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं वकिलाने बाहेर सांगू नये, याला कलम आहे. आमच्या वेळी पुराव्याच्या कायद्यातलं १२६, आता साक्ष अधिनियमातलं १३२. बघ, तुलाच कलमं शिकवतोय. राहू दे.

वापरूच नकोस असं म्हणत नाही. पण २०२३ सालचे न्यूयॉर्कचे ते दोन वकील आठव. विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात यंत्राने रचलेले निवाडे त्यांनी कोर्टापुढे ठेवले. हे खरे आहेत ना, असं एकाने यंत्रालाच विचारलं होतं! ते हो म्हणालं. पाच हजार डॉलर दंड झाला. शिवाय ज्या न्यायाधीशांच्या नावावर ते निवाडे खपवले, त्यांना पत्रं लिहून कळवायला लावलं. दंड भरून मोकळं होता येतं गं. ती पत्रं लिहिताना हात कसा चालला असेल?

मी तरी कुठे धुतल्या तांदळाचा? सनद मिळून दोन वर्षं झाली होती. नुसती हेडनोट, म्हणजे निवाड्यावरचा सारांश, वाचून त्या निवाड्याचा कोर्टात दाखला दिला. न्यायाधीश साहेबांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, निवाडा पूर्ण वाचलाय?" पुढे तो माझ्यावरच उलटत होता. बाहेर आल्यावर पक्षकारानेच, म्हातारा शेतकरी तो, मला चहा पाजला. तू तेव्हा पोटात होतीस. आईला अजून सांगितलेलं नाही.

तुझं ड्राफ्टिंग माझ्याहून सरस आहे, हे बाररूममध्ये सगळ्यांना सांगून झालंय. तुलाच सांगायचं राहिलं.

मसुद्याची एक प्रत तू टेबलावर विसरलीस. बघणार नव्हतो. दुपारी एआयआरचे, छापील निवाड्यांचे, खंड काढले. पहिले दोन दाखले बरोबर आहेत. तिसऱ्याच्या पानावर भलत्याच, भाडेकरूच्या खटल्याचा शेवट आहे. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही म्हणून आईकडून पानाचा आकडा वाचून घेतला, तोच निघाला.

सोमवारी तारीख आहे ना? त्याआधी फोन कर. रागात असलीस तरी कर.

तुझा,
बाबा